ओडेसाबाईंचा दुसरा श्वास

मित्रांनो, मी एक जुना श्वासमापक आहे. हातात मावेल एवढा राखाडी डबा, पुढे एक नळी आणि पोटात घड्याळ. नळीत कोणी फुंकले की त्याने दारू घेतली आहे का, हे मी आकड्यात सांगतो. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, एका छोट्या गावात पोलिसांकडे मी अकरा वर्षे काढली. झिंगलेले कितीतरी चालक माझ्यामुळे गाडीतून उतरले आणि रस्त्यावरची मुलेबाळे सुखरूप राहिली. माझे कौतुकही पुष्कळ झाले. तरी मला झोप म्हणून लागत नाही.

तो जत्रेचा रविवार होता. दुपारीच पुलाजवळ नाकाबंदी लागली. दर पाचवी गाडी थांबवायची, असे वरिष्ठांनी ठरवून दिले होते. पाचवी गाडी निघाली ओडेसा प्रुइट यांची. त्या शाळेची बस चालवत. चार दिवस त्यांची दाढ ठणकत होती. तिकडच्या जुन्या रीतीप्रमाणे त्यांनी जत्रेच्या मैदानात व्हिस्कीचा घोट दाढेवर धरला, थुंकला आणि लगेच गाडी काढली. मैदान पुलापासून हाकेच्या अंतरावर.

हवालदार कर्टिस हेल यांना खिडकीतूनच वास आला.

"दाढेवर धरली होती, साहेब. गिळली नाही."

"बाई, आज भेटेल त्याची दाढच दुखतेय."

मागच्या सीटवरून सात वर्षांची नेल म्हणाली, "आईनं थुंकली. मी बघत होते ना."

मित्रांनो, तोंडात रेंगाळलेली दारू मला फसवते. म्हणून नियम असा, की चालकावर वीस मिनिटे नजर ठेवायची आणि मगच फुंकायला लावायचे. हेलना हे पाठ होते. ते वाईट नव्हते. गाड्यांची रांग वाढत होती आणि त्यांना स्वतःची खात्री होती. त्यांनी कागदावर वीस मिनिटे लिहिली आणि चौथ्या मिनिटाला मला पुढे केले.

मी अकरा दाखवले, म्हणजे रक्तात अकरा शतांश टक्के दारू. आठला गुन्हा होतो. दोन मिनिटांनी बाईंनी पुन्हा फुंकले, तेव्हा चार. रक्तातली दारू इतक्या झपाट्याने उतरत नाही. आकडे जुळले नाहीत तर थांबून पुन्हा तपासायचे असते. हेलनी अकराच लिहिले. चार माझ्या पोटात राहिले.

कोर्टाने दिलेल्या वकिलाला बाईंसाठी दहाच मिनिटे होती. बहीण म्हणाली, कबूल करून टाक, हलक्यात सुटशील. बाईंनी कबूल केले. बसचा परवाना गेला. माझी नोंद कोणी मागितली नाही.

पुढच्या वसंतात यंत्रांच्या वार्षिक तपासणीत तपासनीस इन्ग्रिड ट्वेट यांनी माझी स्मृती उघडली. हेलच्या कागदाशी वेळ ताडून पाहिली, दोन्ही आकडे पाहिले, मग कारकुनाला हाक मारली.

"ही नोंद बाईंनी मागितली नव्हती?"

"मागता येते, हे त्यांना कोणी सांगितलंच नाही," कारकून म्हणाला.

इन्ग्रिडबाईंनी ओडेसाबाईंना पत्र पाठवले. निकाल रद्द व्हावा म्हणून बाईंनी अर्ज केला आणि सुनावणीला मला टेबलावर ठेवण्यात आले. न्यायाधीशांनी सगळे ऐकले, पण गुन्हा तुम्ही स्वतः कबूल केला होता, असे ते म्हणाले.

ओडेसाबाई उठल्या. "दाढ दुखतेय म्हटलं, तेव्हा कुणी मानलं नाही. प्यायले म्हटलं, ते मात्र लगेच मानलंत."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. मग त्यांनी अर्ज फेटाळला. नेल आईचा कोट धरून बाहेर गेली.

आता मी बंद कपाटात आहे. वीज नाही, तरी ते चार माझ्या पडद्यावर उमटतात असे मला वाटते. मित्रांनो, दारू पिऊन गाडी चालवू नका, हे तर सांगायलाच नको. पण तुमच्या माणसाला कधी अडवले, तर पोलिसांना नम्रपणे विचारा: फुंकायला लावण्याआधी किती वेळ थांबलात? दोन्ही आकडे कुठे आहेत? काहीही कबूल करण्याआधी माझी नोंद मागा. मी सगळे जपून ठेवतो, पण आपणहून बोलत नाही.