उजवा खांदा

नंदकिशोर केळुसकरांनी १९७३ साली वाशीत घर घेतलं ते मोकळ्या जमिनीसाठी. खाडीपूल नुकताच झाला होता, निम्म्या घरांना कुलपं होती आणि इमारतीमागे नुसतं माळरान. तिथे त्यांनी मुरूम पसरला, गावातल्या भिमाबाईकडून शेणाने सारवून घेतलं, चुन्याच्या रेघा मारल्या आणि नऊ वर्षांच्या थोरल्या लेकीच्या, चारुलताच्या, हातात रॅकेट दिली. त्यांचे वडील मुंबईच्या एका क्लबात टेनिसचे मार्कर होते. मेंबरांना खेळायला शिकवायचे, पाणी मात्र बाहेरच्या नळावर प्यायचे. ते नंदकिशोर विसरले नव्हते.

चारुलता सोळाव्या वर्षी राज्यात पहिली आली. अठराव्या वर्षी मद्रासला राष्ट्रीय स्पर्धेची फायनल हरली, पण पेपरात फोटो आला. कॉलेज सुटलं. आता टेनिस हाच पेशा, असं बाबांनी ठरवलं. तिला ते जाचलं नाही, कारण कोर्टाबाहेर तिला करमतच नसे. कोलंबो, बँकॉक, मनिला. परक्या गावातल्या कोंदट खोल्या, पहिल्या फेऱ्या, कधी दुसऱ्या.

त्र्याऐंशीत उजवा खांदा दुखू लागला. केस विंचरायला हात वर जाईना. डॉक्टरांनी तीन महिने रॅकेटला हात लावू नको म्हणून बजावलं. बाबांनी दुसरा डॉक्टर शोधला. त्याने खांद्यात इंजेक्शन दिलं आणि ठणका दुपारपर्यंत गेला.

"बघ," बाबा म्हणाले, "उगाच घाबरवतात लोक."

आणखी दोन इंजेक्शनं झाली. मग मनिलाला, दुसऱ्या सेटमध्ये, सर्व्हिस करताना खांद्याच्या आत कापड टरकावं तसं काहीतरी फाटलं. तिला ते ऐकू आलं. रॅकेट कुठे पडली ते कळलंच नाही.

ऑपरेशन झालं. हात खांद्याच्या वर उठेना तो उठेनाच. स्पोर्ट्स कोट्यातून ती बँकेत चिकटली. एकोणीस वर्षांच्या पोरीला काउंटरवर बसवल्यावर लोक दोन-चार महिने ओळखत, मग तेही थांबलं. बाबा तिला रागावले नाहीत. त्यांनी तिच्याकडे बघणंच सोडलं. धाकट्या जयमालाला घेऊन ते पहाटे कोर्टावर जाऊ लागले. जयू तेव्हा अकराची होती.

शहाऐंशीच्या जानेवारीत, राज्य ज्युनियर स्पर्धेच्या सेमीफायनलच्या आदल्या दिवशी, जयू न्हाणीघरात शर्ट काढता काढता अडकली. चारुलताने बाही सोडवली. खांद्याला हात लागताच पोरगी कळवळली.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून. ताई, बाबांना सांगू नकोस. त्यांना कळलं तर..."

"तर काय?"

"तर ते त्या इंजेक्शनवाल्या डॉक्टरकडे नेतील."

चारुलताने आईला सांगितलं. आई तांदूळ निवडत होती. "मी काय बोलणार त्यांच्यापुढे?" एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बँकेत रजा टाकून चारुलता स्पर्धेच्या ऑफिसात गेली. टेबलामागचे गृहस्थ तिला ओळखत होते. तिने बहिणीची दुखापत सांगितली, तिला खेळवू नका म्हणाली. त्यांनी डॉक्टर बोलावला, खांदा तपासून घेतला आणि जयूचं नाव कापलं. समोरची मुलगी न खेळता फायनलला गेली.

जयू मंडपाच्या खांबाला टेकून रडत होती. बाबा सगळ्यांसमोर ओरडले, "तुझं झालं नाही म्हणून हिचंही होऊ द्यायचं नाही तुला?"

"बाबा, तिचा हात..."

"हात माझाच होता ना?" जयू किंचाळली. "तुला कुणी सांगितलं होतं?"

परतीच्या बसमध्ये चारुलता एकटीच बसली. तिने हे जयूसाठी केलं होतं, यात तिला शंका नव्हती. पण नाव कापलं गेलं त्या क्षणी छातीत काहीतरी हलकं झालं होतं. ते काय होतं, हे स्वतःला विचारायची तिची हिंमत होईना.

स्पर्धेच्या डॉक्टरने लादलेल्या विश्रांतीनंतर जयू पुन्हा खेळू लागली. बाबांनी तिला पुण्याच्या कोचकडे ठेवलं. ती सुट्टीत घरी यायची, आईशी बोलायची, भांडायचीसुद्धा. ताईशी नाही. खांदा परत कधी दुखला नाही. विश्रांतीमुळे वाचला की मुळात साधी लचक होती, हे कुणी सांगू शकलं नाही. राज्यात चौथ्या नंबरच्या वर मात्र ती गेली नाही आणि एकोणनव्वदमध्ये, सतराव्या वर्षी, तिने आपणहून खेळ सोडला. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत.

सामान घेऊन ती घरी आली त्या संध्याकाळी चारुलता स्वयंपाकघरात होती. वरच्या फळीवरचा डाळीचा डबा डाव्या हाताने ओढताना तो तिरपा झाला.

"सरक," जयू मागून म्हणाली.

तीन वर्षांत ताईशी बोललेला तो पहिला शब्द. तिने डबा उतरवला, ओट्यावर ठेवला आणि बाहेर निघून गेली.