हाकेला आलेले सहा कोल्हे

मित्रांनो, मी एक जुनी पिपाणी आहे. जत्रेत मिळते ती रंगीत पिपाणी नव्हे हो! माझ्यातून गाणं निघत नाही. माझ्यातून निघतो फासात अडकलेल्या सशाचा आवाज. रात्री शिवारात तो घुमला की भुकेला कोल्हा जिथे असेल तिथून धावत येतो. हे काही फुशारकी मारायचं काम नाही, पण तरुणपणी मी फार मारली.

मला घडवलं गुणवंता काकाजींनी. छिंदवाड्याकडच्या रामाकोन्याच्या बाजूला एका खेड्यात त्यांची संत्र्याची बाग आणि कापसाचं वावर होतं. बोटभर बांबू उभा चिरायचा, दोन फाकांच्या मध्ये शिंदीच्या पानाची पट्टी ताणायची आणि वरून दोरा आवळायचा. पट्टी जाड राहिली तर म्हैस हंबरल्यासारखं वाटे, पातळ झाली तर आवाज फाटे. माझ्यासाठी त्यांनी सात पट्ट्या फेकल्या. आठवी बसली तेव्हा घरातली मांजर पाठ ताणून उभी राहिली आणि काकाजी खूश झाले.

माझ्या दोन बहिणी होत्या. एक उंदरासारखी चिरके, दुसरी कोल्ह्याच्या पिल्लासारखी कुंई करी. "दूरच्याले ससा, जवळ आला का उंदीर, अन् दोघालेबी भुलला नाही त पिल्लू," असं काकाजी सांगत. वारा तोंडावर घेऊन बसायचं, आधी हळू फुंकायचं, मग जोरात, मग एकदम गप्प. मरणारा ससाही दमतो ना, म्हणून मध्ये थांबायचं. भुईमूग उकरणारे कोल्हे त्यांनी असेच कितीतरी टिपले. शेजारच्या गावचे लोक त्यांना बोलावून नेत, पहिला चहा त्यांना देत. मी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात ऐटीत बसलेली असे.

चौऱ्याऐंशी सालच्या कार्तिकात आमचं सगळं बिघडलं. काकाजींचा पुतण्या देवीदास, त्याची बायको सुशीला. लग्नाला सात वर्षं झाल्यावर तिला दिवस गेले होते, पाचवा महिना चालू होता. भर दुपारी ती कापूस वेचत असताना एक कोल्हा उघड्यावर आला. माणसाला पाहून पळाला नाही, सरळ तिच्या मनगटाला चावला आणि झोकांड्या देत निघून गेला. त्याची शेपटी झडलेली होती, एवढं तिच्या लक्षात राहिलं.

दवाखान्याच्या नर्स प्रतिभाबाई त्याच संध्याकाळी घरी आल्या. साबण लावून त्यांनी जखम बराच वेळ धुतली आणि देवीदासला म्हणाल्या, "उद्या सकाळच्या गाडीनं छिंदवाड्याले घेऊन जा हिले. पोटात चौदा इंजेक्शनं घ्या लागते. एकबी चुकवू नका."

"पोटात?" देवीदासचा चेहरा उतरला. "बाई, पोटात लेकरू आहे तिच्या."

"लेकराले काही होत नाही. मी सांगून राहिली ना."

सुशीलानं दोन्ही हात पोटावर ठेवले. "चौदा सुया कशा सोसन तो जीव? मी नाही जात," ती म्हणाली.

बाई गेल्यावर घरात कोणी जेवलं नाही. तेव्हा काकाजी बोलले. मी त्यांच्या खिशात होते, त्यांची छाती कशी फुगली ते मला कळलं. "सुयाबियाचं काम नाही. ज्या जनावरानं चावलं त्याचेच केस जाळून जखमेत भरले का इख उतरते. माह्या पिपाणीवर तो कोल्हा आल्याशिवाय राहत नाही. दोन रात्री दे मले."

देवीदासला हेच ऐकायचं होतं. सकाळची गाडी तशीच निघून गेली.

मित्रांनो, मी त्या रात्री जीव तोडून ओरडले. नाल्याच्या काठाला काकाजी मला फुंकत होते, देवीदास बॅटरी धरून बसला होता. दोन हिरवे डोळे चमकले, ठासणीची भरमार बंदूक उडाली. दोघं धावत गेले. कोल्हा दांडगा होता, शेपटी गच्च केसाळ. "हा नाही," देवीदास म्हणाला. मग वारा पाहून जागा बदलायची, पुन्हा बसायचं. दोन रात्रींच्या पाच झाल्या. पाच कोल्हे आले, पाचही तब्येतीनं ठणठणीत. देवीदास दर सकाळी घरी जाई, सुशीला दारातच विचारी, "भेटला का?" आणि तो मान हलवी.

एक गोष्ट काकाजींसारख्या जुन्या शिकाऱ्याला कळायला हवी होती. पिसाळलेल्या जनावराला भूक राहत नाही. त्याला सशाचं काय? माझ्या हाकेला जो धावून येईल तो पोटानं भुकेला आणि डोक्यानं शहाणा असणार. म्हणजे जो येईल तो आम्हाला हवा असलेला नाहीच. मी जितकं चांगलं ओरडावं तितका चुकीचा कोल्हा येई.

सहाव्या रात्री एक म्हातारा कोल्हा आला. त्याची शेपटी जरा विरळ होती. थकलेल्या देवीदासनं बॅटरी खाली केली. "हाच का, काकाजी?"

काकाजी वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "हाव. हाच."

केस जाळले, राख जखमेत भरली. त्या दुपारी सुशीला किती दिवसांनी पोटभर जेवली आणि झोपली. देवीदासनं जामसांवलीच्या मारुतीला जाऊन नारळ फोडला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कवडू गुराखी काकाजींकडे आला. "काकाजी, झडेल शेपटीचा कोल्हा त सुशीलाले चावल्याच्या तिसऱ्याच दिवशी नाल्यात मरून पडला होता. तोंडाले फेस होता. ढोरं हुंगतीन म्हणून मी त्याच्यावर गोटे रचले. तुम्ही रात्रीचे कोणाले बलावून राहिले होते?"

पाच रात्री आम्ही मेलेल्या जनावराला हाका मारत होतो!

काकाजींनी इकडेतिकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "देवीदासले सांगू नको. पोरगी आत्ता कुठं निवांत झोपली." मला ते खरं वाटलं असतं, पण मी छातीलगत होते. त्यांना सुशीलाच्या झोपेपेक्षा स्वतःच्या नावाची काळजी जास्त होती. दोन दिवसांनी प्रतिभाबाई पुन्हा बजावायला आल्या. देवीदासनं हसून जखम दाखवली, "सुकली पाहा बाई, इख उतरलं." काकाजी तिथेच खाटेवर बसले होते. ते तंबाखू मळत राहिले.

सव्वा महिन्यानं सुशीलाच्या मनगटाला मुंग्या यायला लागल्या. मग ताप आला. मग पाण्याचा तांब्या पाहिला तरी तिचा गळा आवळू लागला. बैलगाडीनं सौंसर आणि तिथून मोटारीनं नागपूर गाठलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारलं, "चौदा इंजेक्शनं झाली होती का?"

देवीदास म्हणाला, "साहेब, कोल्हा मारला ना आम्ही."

डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आता काही करता येत नाही, म्हणाले. ती इंजेक्शनं बाळाला बाधली नसती, हेही त्यांनी सांगितलं. तिसऱ्या दिवशी सुशीला गेली. बाळ तिच्यासोबतच गेलं.

तेरवी झाली त्या दिवशी काकाजींनी मला देवीदासपुढे ठेवलं आणि सगळं सांगितलं. देवीदास रागावला नाही. त्यानं एवढंच विचारलं, "त्या दिवशी बाई आल्या होत्या, काकाजी. तवा काऊन नाही बोलले?" देवीदास उठून घरात गेला. तो काकाजींशी पुन्हा कधीच बोलला नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपून ठेवा. मी म्हणणार नाही. मला खुशाल चुलीत घाला. सहा निर्दोष जनावरं माझ्या खोट्या रडण्यानं मेली आणि एक खरी बाई तिच्या बाळासकट मेली, कुठलीच भरपाई माझ्याकडे नाही. जनावर चावलं तर जखम साबणानं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा, घरातलं कितीही मानाचं माणूस आडवं आलं तरी. आणि आपलं चुकलं हे कळलं, तर लाज वाटली तरी लगेच सांगा. कवडू आला त्या संध्याकाळी काकाजींनी तोंड उघडलं असतं, तर दुसऱ्या सकाळची छिंदवाड्याची गाडी सुशीलाला मिळाली असती.