मेंदीचे पस्तीस टाके

औंढ्यात ऑपरेशनचा मोठेपणा टाक्यांवर ठरतो. भेटायला आलेलं माणूस बिस्किटचा पुडा पुढे करतं आणि पहिलं विचारतं, "किती टाके?" अनिताची पंचाईत झाली ती इथेच.

सासूबाईंचं, म्हणजे नंदाबाईंचं, लिव्हर निकामी झालं. मुलाचं, कैलासचं, तपासलं तर ते चरबीनं भरलेलं निघालं. शेवटी सुनेनं आपलं अर्ध्याहून जास्त दिलं. नऊ वर्षांत दोघींचं आमटीतल्या मिठावरूनसुद्धा कधी पटलं नव्हतं, तो भाग वेगळा. नंदाबाईंचं पोट चांगलं हातभर उघडावं लागलं. अनिताचं मात्र दुर्बिणीनं झालं: चार बारीक भोकं, आणि पार खाली, कपड्यात झाकून जाईल अशी एक चीर, तुकडा बाहेर काढायला. डॉक्टरांनी बजावलं होतं, "वरून दिसत नसलं तरी आतली जखम मोठी आहे. दोन महिने जड उचलायचं नाही."

पण हे मुक्तामावशीला कोण सांगणार? नंदाबाईंची ही धाकटी बहीण आंबीहून घर सांभाळायला आली होती. अनिताचं पोट तिनं पाहिलं नव्हतं, चार भोकांचं नुसतं ऐकलं होतं. तीन आठवड्यांत तिचा धीर संपला.

"चार ठिपक्यांवर किती दिस लोळनार गं? भाताची पोती अंगनात पडल्यात. उद्या एक टोक तू धर, एक मी धरते."

अनिता मनातून पार घाबरली. नाही म्हणावं तर कामचुकार ठरायचं, हो म्हणावं तर आतले टाके सुटायचे.

दुपारी सासूबाईंनी तिला खोलीत बोलावलं. तोंडाला मास्क, हातात मेंदीचा कोन.

"पदर बाजूला कर."

"आत्याबाई, हे काय?"

"मुक्तीला मोटी जखम बगायची हाय न्हवं? बगू दे की!"

समोरासमोर बसून, आपल्या पोटावरचा व्रण बघत बघत त्यांनी सुनेच्या पोटावर तस्साच काढला. वर आडव्या रेघा मारल्या, मोजून पस्तीस.

"हसू नगं, टाका वाकडा जातोय."

"मग हसवू नका ना, पोटात कळ येते!"

दुसऱ्या दिवशी मावशीनं दारातूनच ते बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. त्यानंतर दोन दिवस अनिताला जागेवर गरम शिरा मिळाला. शेजारच्या चंपानं पस्तीस टाक्यांची बातमी आळीभर केली.

तिसऱ्या दिवशी मावशी अंग पुसून द्यायला बसली आणि हात मध्येच थांबला.

"लिव्हर कंच्या अंगाला आसतं गं?"

"उजव्या," अनिता बोलून गेली.

"मंग ही जखम डाव्या अंगाला कशी?"

मग पलीकडच्या खाटेवरून नंदाबाई बोलल्या.

"म्या काढली. समोर बसून काढली, बाजू चुकली. काय बोलायचं ते मला बोल. पन पोरीनं दिलंय ते खरं हाय, मुक्ते. पोतं उचलून तिला काय झालं, तर मी कुटल्या तोंडानं जगू?"

नऊ वर्षांत त्यांच्या तोंडून 'पोर' असं कधी आलं नव्हतं. अनिताला रडू आवरेना.

मावशीनं वाकून ते चार ठिपके एकेक करून पाहिले, खालची चीर पाहिली, पदर नीट केला आणि अंगणात गेली.

कुंपणाशी चंपा उभीच होती. "मावशी, खरंच पस्तीस टाके हायेत व्हय?"

"पस्तीस? चाळीस! म्या सोता मोजल्यात," मावशीनं पोत्याला हात घातला. "आन तू बगत काय ऱ्हायलीस? धर की दुसरं टोक!"