शिंप्याच्या लेकीचे वाक्य

या मित्रांनो, असे जवळ सरका. मागच्यांनाही थोडी जागा द्या. कान इकडे आणि मन जागेवर असेल, तर एक गोड गोष्ट सांगतो.

मी एक जुना फळा आहे. सुताराने माझ्या फळ्या अशा सांधल्या, की आजही बोट फिरवलेत तर सांधा लागणार नाही. रंगाऱ्याने काळा रंग चढवला आणि मी वर्गाच्या भिंतीवर विराजमान झालो. वर्षानुवर्षे गणिते, नकाशे, व्याकरण अंगावर वागवले. "काय भरगच्च फळा!" असे कोणी म्हटले, की मी फुगत असे.

मग एके वर्षी नव्या बाई आल्या. त्यांनी खडू उचललाच नाही! बाके गोलात मांडली, मुलांमध्ये जाऊन बसल्या आणि विचारत सुटल्या. घरी कोण कोण असतं? कशाची भीती वाटते? वर्गात काय नकोसं वाटतं?

मी आपला कोराच. शाळेच्या मुख्याध्यापिका, त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, दारात थबकल्या. "अहो, आठवडा उलटला. फळा काय शोभेला टांगलाय?"

"पालथ्या घड्यांवर पाणी ओतण्यापेक्षा आधी घडे सुलटे करतेय, बाई."

"बरं! महिनाअखेरीस मीच प्रश्न विचारीन. बघू तुमचे घडे."

त्या वर्गात शिंप्याची लेक होती. ती अडखळत बोलायची. एखादे अक्षर अडले, की उरलेला शब्द वर्गच उरकून टाकायचा. सगळ्यांच्या आधी भोंगा! त्या पोराचा आवाज मैदानापलीकडे जाई, म्हणून त्याचे हे नाव. शेवटी ती बोलेनाशीच झाली. बापाने बजावले होते, "यंदाही तोंड उघडलं नाहीस, तर शाळा बंद. दुकानात बटणांची काजं करत बस."

वर्गात काय नकोसं वाटतं? तिची पाळी आली. ती उठली, खडू घेतला आणि माझ्या कोपऱ्यात लिहिले : 'माझं वाक्य मलाच पूर्ण करू द्या.'

भोंगा कळवळून म्हणाला, "अगं, मला वाटायचं मी मदत करतोय!"

"मदतच कर," बाई म्हणाल्या, "पण थांबायची."

तो कोपरा पुसायचा नाही, असे ठरले. मग धडे सुरू झाले आणि असे धावू लागले, की मला जागा पुरेना.

महिनाअखेरीस मोठ्या बाई आल्या आणि नेमके तिलाच उठवले. "अडीच मीटर कापडाचे पाच सारखे तुकडे. एक केवढा?"

"प... प..."

भोंग्याने दोन्ही हातांनी स्वतःचे तोंड गच्च धरले. डोळे बाहेर यायचे बाकी! मोठ्या बाईंनाच राहवेना. "पन्ना..."

"शूऽऽऽ!" अख्खा वर्ग.

मोठ्या बाईंची नजर माझ्या कोपऱ्यावर गेली. त्यांनी तोंड मिटले. सगळे थांबले. मीही.

"प... पन्नास सेंटिमीटर. आणि बाई, क... काठ दुमडायचा असेल, तर थोडं कमी."

मोठ्या बाई हसल्या. "घडे भरलेत हो!" काजांचे काम बापालाच करावे लागले.

आज वर्गात नवा पांढरा फळा आहे आणि मी जिन्याखाली उभा आहे. तो कोपरा अजून कुणी पुसलेला नाही. जाता-येता माझी धूळ झटकलीत, तर बरे वाटेल. पण मित्रांनो, एवढे नक्की करा. शेजारच्याचा शब्द अडला, की दोन्ही हातांनी तोंड धरून बसलेल्या आमच्या भोंग्याला आठवा.