एकच नाव आत

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या कंपनीत अख्ख्या ऑफिसचा मिळून एकच डेटाबेस होता. तक्रारी, मेकॅनिकच्या पाळ्या, बिलं, सगळं त्यातच. तो सांभाळणारी बाई म्हणजे गरीब गाय, असं सगळे म्हणत. त्या दुपारी मात्र ती नुसती धुमसत होती.

कारण मागची देखभाल. डेटाबेसची फाईल फुगली की ती नीट करून घ्यावी लागते, आणि तेवढा वेळ आत कुणी असून चालत नाही. मागच्या खेपेला बिलिंगचे साहेब "पडलो गं बाहेर" म्हणाले आणि तिनं काम सुरू करताच परत आत शिरले. फाईल बिघडली, ताज्या तक्रारी गेल्या, एक आजोबा बंद लिफ्टमध्ये ताटकळले. त्यांच्या मुलीची बोलणी हिनं खाल्ली. साहेब नामानिराळे. आणि हे साहेब तिचे सख्खे थोरले दीर!

या खेपेला तिनं आधी नव्यानं आत येण्याची वाटच बंद केली. मग सगळ्यांना निरोप धाडला: काम जतन करा, बाहेर पडा. पडद्यावरची नावं एकेक करून गळाली. एक उरलं. कुणाचं, ते सांगायला नकोच.

ती त्यांच्या केबिनपाशी गेली. कुलूप! तिनं फोन लावला.

"भाऊजी, तुमचं कनेक्शन चालू आहे."

"असू दे की. मी बाहेर जेवतोय. तुझी झाडलोट उद्या कर."

"फाईल उद्यापर्यंत टिकायची नाही. तुमचं काम जतन केलंय ना?"

"मला शिकवू नकोस. हात लावलास तर याद राख!"

त्यांनी फोन कापला. तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं मॅनेजरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "तोड." तिनं तोडलं. फाईल धडधाकट होऊन बाहेर आली.

साहेब परतले ते फणफणतच. सकाळपासूनची बिलं जतन न केल्यानं पाण्यात गेली होती.

"या ऑफिसात तुला चिकटवली कुणी? मी! आणि माझंच कनेक्शन तोडतेस?"

सगळ्यांच्या माना वर झाल्या. तिनं आवाज खाली येऊ दिला नाही. "चिकटवलंत म्हणून तुमचं खापर जन्मभर माझ्या डोक्यावर फोडून घेऊ? मागच्या वेळी फाईल तुम्ही बिघडवलीत, भाऊजी. आज सगळ्यांसमोर सांगते."

साहेब केबिनमध्ये गेले आणि दार धाडकन लावलं.

घरी नवऱ्यापर्यंत बातमी आधीच पोचली होती. "दादा मोठा आहे. मागून टाक माफी. तुझं काय जातंय?"

तिला दिराचा आला नव्हता एवढा राग नवऱ्याचा आला.

"काय जातंय? तू एकदा तरी विचारलंस, चूक कुणाची होती? तुला दादा तेवढा दिसतो. मी या घरात पाव्हणी आहे का?"

तिनं माफी मागितली नाही. दीर अजून तिच्याशी बोलत नाहीत, पण देखभालीचा निरोप गेला की पडद्यावरून पहिलं नाव त्यांचंच जातं. नवरा मात्र अधूनमधून म्हणतो, "मिटवून टाक की." तेव्हा ती त्याच्याकडे अशी बघते की बिचारा उठून दुसऱ्या खोलीत जातो.