पावडरच्या डब्यातल्या नऊ गोळ्या

ठकीच्या दुपट्याला लावायची पिन शोधताना सुनेच्या हाताला पावडरचा जुना डबा लागला, आणि डबा खुळखुळला. पावडर कधी खुळखुळत नाही. तिनं झाकण फिरवलं. आत नऊ पांढऱ्या गोळ्या होत्या.

गोळ्या तिनं लगेच ओळखल्या. सासूबाईंचा कॅन्सर यकृतापर्यंत पोचला, नेहमीच्या सगळ्या औषधांनी हात टेकले, तेव्हा डॉक्टरांनी या औषधाच्या चाचणीबद्दल विचारलं होतं. औषध नवंकोरं, माणसांना पहिल्यांदाच दिलं जाणारं. शरीराला किती डोस सोसतो हे आधी बघायचं होतं. गुण येईलच असं कुणी छातीठोकपणे म्हटलं नव्हतं. रोज सकाळी आठला एक गोळी, वहीत वेळ आणि खूण, शेजारी काही त्रास झाला असेल तर तो. सासूबाईंनी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेलं, परीक्षेत कॉप्या पकडलेल्या. त्यांच्या वहीत एकवीस दिवसांच्या एकवीस खुणा कवायतीला उभ्या केल्यासारख्या होत्या. त्रासाच्या रकान्यात सगळीकडे ‘नाही’.

मग या नऊ कुठून आल्या? सुनेनं बोटं मोजली. आठवड्यातून तीन दिवस ती कामावर जायची. तीन आठवडे झाले. तीन त्रिक नऊ. म्हणजे ज्या दिवशी तिची आठ महिन्यांची लेक ठकी सासूबाईंपाशी असायची, नेमक्या त्या दिवसांच्या.

ठकी शिंकली तरी थर्मामीटर काढणारी ती. ‘डोळ्यांना जरा रजा दे गं,’ असं सासूबाई तिला येताजाता चिडवायच्या. आणि तिच्या नाकाखाली हे तीन आठवडे चाललं होतं.

आज तपासणीचा दिवस होता. तिनं डबा पर्समध्ये टाकला, ठकीला नवऱ्याकडे सोपवलं आणि सासूबाईंना घेऊन टॅक्सीत बसली. वाटेत तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा मिटलं. सांगावं, तर सासूबाईंना चाचणीतून काढतील, आणि यापुढे दुसरं औषधच नव्हतं. न सांगावं, तर काय होईल ते तिला नीट कळत नव्हतं, आणि न कळलेल्या गोष्टीचीच तिला जास्त धास्ती वाटायची.

“तपासणी माझी आहे की तुझी?” सासूबाईंनी विचारलं. “तोंड बघ कसं केलंयस.”

हॉस्पिटलात नर्सनं बाटलीतल्या उरलेल्या गोळ्या मोजल्या. बरोबर भरल्या. वही चाळून तिनं अक्षराचं कौतुक केलं. सासूबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

डॉक्टर तरुण होते, खुशीत होते. त्यांनी सांगितलं की या डोसवर तिघं जण आहेत आणि बाईंना तर काहीच त्रास नाही. गेल्या आठवड्यातल्या रक्तात औषध अपेक्षेपेक्षा बरंच कमी दिसलं, म्हणजे वर जायला वाव आहे. दुपारी चारला बैठक होती. तिथं एकदा नक्की झालं की लगेच पुढच्या तिघांना दुप्पट डोस सुरू होणार होता. त्यातले एक जण बाहेर बसलेच आहेत, असंही ते म्हणाले.

सुनेला ते येताना दिसले होते. मफलर गुंडाळलेले एक गृहस्थ. शेजारी बायको, तिच्या मांडीवर फायलींची पिशवी. त्या बाईनं सरकून सासूबाईंना जागा करून दिली होती.

सुनेनं सासूबाईंकडे पाहिलं. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या.

तिनं पर्स उघडली. डबा टेबलावर ठेवताना तो खुळखुळलाच.

“यांनी नऊ गोळ्या घेतलेल्या नाहीत,” ती म्हणाली. “मी कामावर जाते त्या दिवसांच्या.”

डॉक्टरांनी झाकण फिरवून आत पाहिलं. मग सासूबाईच बोलल्या, सुनेला नव्हे, डॉक्टरांनाही नव्हे, त्या डब्याला सांगितल्यासारखं.

“गोळी घेतली की दुपारपर्यंत डोकं गरगरतं. पहिल्याच दिवशी, ही घरीच होती, आत स्वयंपाकघरात, आणि पोरगी माझ्या कडेवर. दाराची चौकट धरली म्हणून वाचलो दोघी. ती हसत होती, तिला खेळ वाटला. सांगितलं असतं तर हिनं नोकरी सोडली असती, नाहीतर पोरीला माझ्यापासून काढलं असतं. आता माझ्याजवळ दिवस किती, त्यात तेवढंच काय ते आहे.”

“पण बाकीच्या दिवशी तरी ‘नाही’ का लिहिलंत?” डॉक्टरांनी हळूच विचारलं.

“एके दिवशी गरगरतं आणि दुसऱ्या दिवशी नाही, असं लिहिलं तर कोणता मास्तर फसेल?”

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी फोन उचलून डोस वाढवण्याचा विषय बैठकीतून काढायला सांगितला. बाईंना ठेवायचं की नाही हे तिथंच ठरेल, तोवर थांबा, म्हणाले. नर्सनं वही पुढं केली. गिरगटून काळं करायचं नव्हतं. चुकीवर एकच रेघ, खरं काय ते शेजारी, तारीख आणि सही. सासूबाईंनी नऊ खुणांवर नऊ रेघा मारल्या, मग एकेक ‘नाही’ खोडत गेल्या. रेघा पट्टीनं मारल्यासारख्या सरळ आल्या.

बाहेर बाकावर सून त्यांचा हात धरायला गेली, तर तो त्यांनी काढून घेतला. घड्याळात दोन वाजले होते. मग साडेतीन. मफलरवाल्यांना नर्स येऊन काहीतरी सांगून गेली आणि त्यांची बायको घाबरी होऊन इकडे बघू लागली. सुनेला मान वर करवेना.

“तरी कॉपी पकडलीस हो,” सासूबाई अखेर म्हणाल्या. “माझ्याच हाताखाली तयार झालीस.”

“आई, तुम्हाला काढलं तर?”

“तर काढलं. पण त्या माणसाला दुप्पट देत होते गं. मी बसून ऐकत होते.”

पाचला निरोप आला. पुन्हा पहिल्या दिवसापासून, त्याच डोसवर. एकही गोळी चुकली तर बाहेर. आणि गोळीनंतर दुपारपर्यंत मूल उचलायचं नाही.

सोमवारी सकाळी आठला सासूबाईंनी सुनेसमोर गोळी गिळली, जीभ बाहेर काढून दाखवली आणि भिंतीला टेकून सतरंजीवर बसल्या. सुनेनं कामावर दुपारची पाळी मागून घेतली होती; किती दिवस देतील ठाऊक नव्हतं. ठकी रांगत आजीच्या मांडीपाशी गेली, हात वर केले आणि ‘घे’ म्हणून कुरकुरली. सासूबाईंनी स्वतःचे हात गुडघ्यांखाली दाबून धरले. ठकीचा ओठ बाहेर आला. सून जागची हलली नाही.

“गरगरतंय?” तिनं विचारलं.

सासूबाईंनी डोळे मिटले.

“गरगरतंय,” त्या म्हणाल्या. “लिही.”