वरचा सूर

'तिसरी शिट्टी' हा रॉक बँड फुटला, तेव्हा मुकुलच्या वाट्याला नाव आलं आणि ज्ञानेशच्या वाट्याला नावन. मुकुल एकट्याच्या जोरावर सिनेमात गायला, टीव्हीवर परीक्षक होऊन पोरांना रडवू लागला. ज्ञानेश बायकोच्या नोकरीमागे आयर्लंडमधल्या नावन या गावी आला. शनिवारी मुलांना गिटार शिकवायची आणि उरलेल्या वेळात स्वतःची गाणी करायची. त्याचा अल्बम ऐकला तो बहुतेक सासरच्यांनी.

बँडचं सगळ्यात गाजलेलं गाणं 'जाळ'. त्यातला तो लांबलचक वरचा सूर लागला की लोक खुर्च्यांवर चढायचे. तो सूर मुकुलचा नव्हताच. रेकॉर्डिंगला त्याचा घसा तिथवर पोचेना, म्हणून तो ज्ञानेशने लावला. पुढे कार्यक्रमांतही तेच. मुकुल मान मागे टाकून, माइक तोंडाशी धरून उभा राहायचा आणि ज्ञानेश मागच्या अंधारात बेस गिटार वाजवत गायचा. मित्राचं झाकायचं, यात त्याला तेव्हा काही वावगं वाटलं नव्हतं. आता मात्र ते आठवलं की त्याचा जीव जळायचा.

बँड फुटल्यापासून मुकुलने 'जाळ' टाळलंच होतं. पण डब्लिनजवळच्या ल्यूकनमधल्या त्याच्या कार्यक्रमाच्या जाहिरातीत आयोजकांनी परस्पर ते ठळक छापलं, आणि मुकुलचा फोन आला.

"ग्यान्या, वरचं तू घे यार. बदल्यात मध्यंतराआधी तुझं एक गाणं. तुझं स्वतःचं."

ज्ञानेशने एका श्वासात हो म्हटलं.

"कशाला?" त्याची बायको केतकी वैतागली. "पडू दे की त्याला एकदा तोंडावर. लोकांना कळेल तरी कोण गात होतं ते."

रविवारी दुपारी हॉल गच्च भरला होता. ज्ञानेश आपलं गाणं जीव ओतून गायला. टाळ्या पडल्या, पाहुण्याला पडतात तेवढ्या. मध्यंतरात आयोजक देवयानीताई चहाचा कप घेऊन लगबगीने आल्या.

"छान हं! हुबेहूब मुकुलदादांचा आवाज काढता तुम्ही. खूप प्रॅक्टिस केली असेल ना?"

"ही वॉज ग्रँड, आई," त्यांची मुलगी म्हणाली. "लाइक अ ट्रिब्यूट अ‍ॅक्ट."

म्हणजे नामवंतांची नक्कल करून पोट भरणारा. आपल्याच गळ्याचा आपण नकलाकार! ज्ञानेशने चहा तसाच खाली ठेवला. डोक्यात गेलेला राग उतरेचना. त्याने ठरवलं, आज तोंड उघडायचं नाही. होऊन जाऊ दे एकदा.

शेवटी 'जाळ' सुरू झालं. सूर जवळ आला, तशी मुकुलने सवयीने मान मागे टाकली. ज्ञानेश बेस वाजवत राहिला, ओठ घट्ट मिटून. एक क्षण नुसतेच बेस आणि ड्रम्स. मुकुलने वळून पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. ज्ञानेशला आसुरी आनंद झाला, खोटं कशाला बोला.

पण मुकुल काही आजकालचा गवई नव्हता. त्याने माइक सरळ लोकांपुढे धरला.

आणि अख्खा हॉल तो सूर गायला. बेसूर, फाटक्या गळ्याने, बायकापोरांसकट. लोक खुर्च्यांवर चढले, एकमेकांच्या गळ्यात पडले. देवयानीताई तर चक्क रडत होत्या. एकटी केतकी बसून होती, ज्ञानेशकडे पाहत.

पडद्यामागे मुकुलने त्याला कडकडून मिठी मारली. "गप्प राहून काय डोकं लढवलंस रे! इतकी वर्षं मी उगाच या गाण्याला घाबरलो. आता दर कार्यक्रमात असंच करणार. तुलाही त्रास नको."

ज्ञानेशने मान डोलावली आणि बेस खोळीत घातला.

गाडी नावनच्या रस्त्याला लागल्यावर केतकीने हळूच विचारलं, "तू गायला नाहीस, हे आलं कुणाच्या लक्षात?"

"तुझ्या," तो म्हणाला.